कणीक अजून चौघांचीच भिजते : लेकरं बाहेरगावी गेल्यावर आईनं स्वतःला कसं सांभाळावं

मुलाला पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसवून आम्ही दोघं नागपूरच्या त्रिमूर्तीनगरला परतलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. मी हातपाय धुतले, परात ओढली आणि कणीक भिजवली. मळून झाल्यावर गोळ्याकडे लक्ष गेलं. चौघांचा होता. मुलगी दोन वर्षांपूर्वीच हैदराबादला गेलेली, मुलगा आत्ता गेला आणि आम्ही दोघं वाटेत खाऊन आलेलो. म्हणजे त्या रात्री एकही पोळी लागणार नव्हती. गोळा डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवला, सकाळी तो काळा पडला. टाकवेना, म्हणून फाटकाशी आलेल्या गाईला घातला.

याला चार वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या गल्लीतल्या, भिशीतल्या कितीतरी जणींना याच वाटेनं जाताना पाहिलं. नागपुरात हे आता ठरूनच गेलंय. बारावी झाली की पुणे, इंजिनिअरिंग झालं की बंगळुरू-हैदराबाद, पुढे कुणी जर्मनी, कुणी अमेरिका. काहींची तर दहावी होताच कोट्याला जातात. मुली लग्न करून जातात ते वेगळंच. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. माझ्या चुकांमधून आणि बाकीच्या जणींच्या अनुभवातून जे कामी आलं ते क्रमानं लिहिते. लेकरू गेल्याला किती दिवस झाले त्याप्रमाणे वाचा, सगळं एकदम करायला जाऊ नका.

आधी एक गोष्ट मोकळी करते. याला 'एम्प्टी नेस्ट सिंड्रोम' म्हणतात आणि नाव ऐकून घाबरायला होतं. मानसिक आजारांच्या अधिकृत यादीत असा कुठला आजार नाही. लेकरू गेल्यावर आईला रडू येणं हे दुखणं आहे, रोग नाही. रोग कधी समजायचा, ते पुढे येईलच.

पहिला आठवडा : खोलीला हात लावू नका

पहिल्या दिवशी बहुतेक जणी एक तर मुलाची खोली झाडूनपुसून लख्ख करतात, नाहीतर दार ओढून घेतात ते महिनाभर उघडत नाहीत. मी झाडून काढली. उशीचा अभ्रासुद्धा धुतला आणि संध्याकाळी पश्चात्ताप झाला, कारण त्याला त्याच्या तेलाचा वास होता. तेव्हा पहिला आठवडा खोली आहे तशी राहू द्या. दार उघडं, खिडकी उघडी, दिवसातून एकदा आत जाऊन यायचं. उष्टे कप आणि ओले टॉवेल तेवढे उचला, नाहीतर मुंग्या होतात.

रडू आलं तर रडा. सिंकमध्ये भांडी घासताना नळाच्या आवाजात रडायची आपल्याकडे फार जुनी सोय आहे. पण एकदा तरी कुणासमोर रडा. बहीण, शेजारीण, जी ऐकून घेईल आणि "अगं, माझा तर अमेरिकेतच आहे" असं म्हणून स्वतःचं गाऱ्हाणं सुरू करणार नाही, अशी एक निवडा.

"सुटल्या बाप्पा तुम्ही, आता मज्जाच मज्जा," हे वाक्य या आठवड्यात किमान दहा वेळा ऐकायला येईल. त्यांना समजावत बसू नका. "होय नं" म्हणा आणि पुढे चला.

दुसरा आठवडा : दुखरा तास शोधा

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं तेवढं घ्यायचं असेल तर हेच घ्या.

लेकरं गेल्यावर सगळे जण सांगतात, "छंद जोपासा." मला हा सल्ला कधीच लागू पडला नाही. मी रंगांची पेटी आणली, ती आजही कोरी आहे. नंतर लक्षात आलं की वीस वर्षं आपला दिवस दुसऱ्याच्या घड्याळावर चालला. साडेपाचचा गजर त्याच्या शाळेच्या बसचा, दुपारचा चहा त्याच्या शिकवणीच्या वेळेचा, रात्री अकराला जागं राहायचं ते त्याच्या गाडीच्या आवाजासाठी. आणि त्या प्रत्येक वेळेला कुणीतरी आपली वाट पाहत होतं. रंगांची पेटी वाट पाहत नाही. तिला उद्या हात लावला काय, नाही लावला काय.

शिवाय दिवसाचे चोवीस तास कुणालाच सारखे जड जात नाहीत. एखादाच तास असतो, तो आला की पोटात खड्डा पडतो. तो तास हुडकायचा.

जुन्या वहीची मागची पानं घ्या. सात दिवस, सकाळपासून झोपेपर्यंत, जेव्हा जेव्हा जीव कासावीस होईल तेव्हा घड्याळ पाहून फक्त वेळ लिहा आणि त्या वेळी हात काय करत होते ते. कारण लिहायचं नाही, ते माहीतच आहे. माझी वही अशी निघाली : 'सोमवार 4.40, चहाला पाणी ठेवलं. मंगळवार 4.30, गॅसजवळ. बुधवार दुपारी बरी होते, 4.45 ला बिस्किटाचा डबा काढला.' म्हणजे माझा तास साडेचार-पाचचा. तो शिकवणीहून यायचा, चपला कुठेही टाकायचा आणि "काय आहे खायला" म्हणायचा, तो. पलीकडच्या गल्लीतल्या एका वहिनींचा तास पहाटेचा होता. डब्याची घाई नसताना जाग मात्र पाचलाच यायची आणि उजाडेपर्यंत छताकडे पाहत पडून राहायच्या. भिशीतल्या एकीचा रात्री अकराचा. फाटकाची कडी वाजल्याशिवाय तिला वीस वर्षांत कधी झोप लागली नव्हती.

तास सापडला की पुढचा महिनाभर फक्त तेवढ्याच तासाचं पाहायचं. बाकीचा दिवस जसा जातो तसा जाऊ द्या. त्या तासासाठी तीन अटी मी ठरवल्या होत्या आणि अजूनही इतरांना त्याच सांगते. एक, त्या वेळी त्या जागी असायचं नाही. गॅसजवळ जीव कासावीस होतो ना, तर चारला चहा करून टाकायचा आणि साडेचारला घराबाहेर. दोन, जिथे जायचं तिथे कुणीतरी आपली वाट पाहत असलं पाहिजे. न गेलं तर "काऊन नाही आली?" असं विचारणारं कुणी हवं. तीन, आठवड्यातून किमान तीन दिवस, ठरलेले.

एकटीनं फिरायला जाणं दुसऱ्या अटीत नापास होतं. पहिल्या पावसाच्या किंवा पहिल्या कंटाळ्याच्या दिवशी ते बंद पडतं. तेच शेजारणीला "साडेचारला फाटकाशी उभी राहते" असं सांगून ठेवलं की पाय आपोआप निघतात. मला अंबाझरीच्या तलावापर्यंत नेलं ते व्यायामाच्या हौसेनं नाही. माझी मैत्रीण सुभाषनगरच्या मेट्रो स्टेशनखाली उभी असायची आणि तिला फोन करून "आज नको" म्हणायची लाज वाटायची, म्हणून मी जायचे.

उन्हाळ्याचं वेगळं पाहावं लागतं. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना साडेचारला बाहेर पडा म्हणणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. तेव्हा तो तास कुणाच्या तरी कूलरसमोर काढायचा. आमच्या चौघींची उन्हाळी दुपार तेव्हा आळीपाळीनं एकेकीच्या घरी असते. पापड-कुरडया-सरगुंडे एकत्र होतात. पहाटेचा तास जड जाणाऱ्यांना मात्र उन्हाळा सोपा जातो, कारण पाचला बाहेर पडलं की अर्धं शहर फिरताना भेटतं.

रात्रीच्या तासाचं औषध सगळ्यात अवघड. रात्री अकराला कुणाकडे जाणार? भिशीतल्या त्या बाईनं वेगळीच वाट काढली. दहाला स्वतः फाटकापर्यंत जायचं, कडी लावायची, कुलूप घालायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "झालं सगळे घरात." पहिले काही दिवस नवरा हसला, आता तोच म्हणतो.

स्वयंपाकघर : मापं बदला, मग चवी

हात मापं विसरत नाहीत, म्हणून त्यांना नवीन माप द्यावं लागतं. कणकेच्या डब्यातली जुनी मोठी वाटी काढून लहान ठेवा. मोठा गंज, म्हणजे पातेलं, वरच्या फळीवर, दीड लिटरचा कुकर खाली. एवढ्यानं रोजचं उरणं थांबतं. आणि उरलेलं अन्न दुसऱ्या दिवशी एकटीनं संपवत बसणं हे दुखणं वाढवणारं काम आहे, त्यावर माझा ठाम विश्वास आहे.

मग एक प्रश्न स्वतःला विचारा : मला काय आवडतं? मला चटकन सांगताच आलं नाही. मुलाला वांगं चालत नाही म्हणून आमच्याकडे बारा वर्षं भरली वांगी झाली नव्हती, आणि मला ती लहानपणी जीव की प्राण होती. गोकुळपेठच्या बाजारातून पाव किलो छोटी काटेरी वांगी आणली, केली आणि दोघांनी रात्रीच संपवली. मजा आली. थोडं अपराधीही वाटलं, ते वाटतं.

पण सगळंच लहान मापात होत नाही. पुडाची वडी दोघांपुरती कोण करणार? दोन जुड्या सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडून, धुऊन, फडक्यावर वाळवून चार वड्या करायच्या म्हणजे जिवाला ताप. त्यासाठी खाणारी तोंडं लागतात, आणि ती आपल्या शहरात भरपूर आहेत.

नागपूर मुलं पाठवतं तसं आणतंही. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, गोंदियाची पोरं-पोरी इथे मेडिकलला, नर्सिंगला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत येऊन राहिलेली आहेत. आपलं लेकरू पुण्याच्या मेसचं पातळ वरण खात असतं तेव्हा दुसऱ्या कुणाचं लेकरू आपल्याच गल्लीत खोली करून मॅगीवर दिवस काढत असतं. आमच्या घरामागे दोन मुली राहतात. दर गुरुवारी रात्री त्या आमच्याकडे जेवतात. कणीक त्या दिवशी चौघांचीच भिजते.

यात एक सांभाळावं लागतं. त्यांची आई व्हायला जाऊ नका. उशिरा आल्या तर कुठे होत्या विचारायचं नाही, अभ्यासावर बोलायचं नाही, दिवस एकच ठेवायचा. त्यांच्या आईला एकदा फोन करून "मी इथे जवळच आहे" एवढं मात्र सांगा. मी फोन केला तेव्हा पलीकडून बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग ती माउली म्हणाली, "ताई, तिला आंबट वरण आवडते."

फोनचे नियम, दोघांनी मिळून ठरवलेले

साधारण दहा-पंधरा दिवसांनी मुलाची घाई निवते. तेव्हा हे बोलून घ्या. रोज कितीदा बोलायचं हे आईनं एकटीनं ठरवलं की मुलं फोन टाळायला लागतात आणि मुलांनी एकट्यानं ठरवलं की आई झुरते. आमचं ठरलं ते असं : रोज सकाळी एक अंगठा, म्हणजे व्हॉट्सॲपवर नुसतं चिन्ह, तो उठला आणि ठीक आहे एवढं कळण्यापुरतं. बुधवारी आणि रविवारी नीट बोलणं. बाकी वेळी ज्याला वाटेल त्यानं फोन करावा, न उचलल्यास रुसायचं नाही.

आता बोलणं. आपलं बोलणं बहुधा असं होतं :

"जेवलास का?"
"हो."
"काय जेवलास?"
"मेसचं."
"बरं. झोप लवकर."

संपलं. यात त्याचं काही चुकत नाही. चौकशीला उत्तर देता येतं, गप्पा मारता येत नाहीत. आधी आपल्याकडचं काहीतरी सांगा, अगदी फालतू चालेल. "आज कूलर उतरवला तर आत पालीचं अख्खं कुटुंब निघालं." त्यावर तो हसतो, मग त्याच्या खोलीतल्या झुरळांचं सांगतो आणि बोलता बोलता आजारी होता हेही बाहेर येतं. दुसरी युक्ती म्हणजे त्याला काहीतरी विचारायचं, शिकवायला लावायचं. मी मेट्रोचं तिकीट मोबाइलवर काढायला मुलाकडूनच शिकले. तीन रविवार लागले. त्याला एवढं खूश मी निकालाच्या दिवशीही पाहिलं नव्हतं.

मूल परदेशात असेल तर दिवाणखान्यात त्याच्या वेळेचं एक स्वस्तातलं घड्याळ लावा. जर्मनी आपल्या साडेचार तास मागे असते, पण मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेतीन तासच. म्हणून वर्षातून दोनदा ते घड्याळ फिरवावं लागतं. न्यूयॉर्कसाठी फरक साडेनऊ किंवा साडेदहा तासांचा. हे माहीत नसलं की आपण पहाटे फोन करतो आणि मग दोन्हीकडे चिडचिड.

'लास्ट सीन' पाहणं बंद करा. रात्री एक वाजता तो ऑनलाइन दिसला तर तुम्ही काय करणार आहात? काही नाही, फक्त तुमची झोप जाणार. माझी ही सवय काही केल्या सुटेना. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी मारबत, म्हणजे रोगराई घालवायला मिरवत नेतात ते पुतळे, निघाली तेव्हा गर्दीत उभं राहून मीही ओरडले, "मोबाइल पाहायचा रोग घेऊन जा गे मारबत!" मारबतीनं नेला नाही. शेवटी मुलानंच त्याच्या फोनवरून ती सोय बंद केली, सुंठीवाचून खोकला गेला.

नवरा, सासूबाई आणि ज्या एकट्या आहेत त्या

आमचे हे पहिले दोन महिने काहीच बोलले नाहीत. मला वाटायचं, यांना काही वाटतच नाही. मग एके दिवशी दुपारी मी अचानक घरी आले तर हे मुलाच्या जुन्या सायकलला तेल घालताना दिसले, जी सायकल कुणी चालवत नाही. पुरुषांचं असंच निघतं. समोरासमोर बसून "तुम्हाला काय वाटतं" विचारलं तर बहुतेक नवरे पेपर उचलतात. शेजारी शेजारी बसून, हातात काही काम असताना बोलतात. गाडीवर मागे बसून, शेंगा सोलताना, रात्री गच्चीवर. रोज वीस मिनिटं टीव्ही बंद, एवढाच आमचा नियम.

नवऱ्यांपैकी कुणी वाचत असेल तर त्यांच्यासाठी दोनच गोष्टी. "त्यात रडण्यासारखं काय आहे" हे म्हणू नका. आणि तिच्या दुखऱ्या तासाला घरी येता येत असेल तर आठवड्यातून एकदा या. फुलं-बिलं नकोत, आलूबोंडे आणा.

काही घरांत मुलं गेली तरी मोकळीक येतच नाही. सासूबाईंची औषधं, सासऱ्यांची नेबुलायझरची वेळ, डायपर. या बायांना लोक म्हणतात, "तुझं घर तर भरलेलं आहे." त्यांचं दुखणं जास्त आहे, कारण मदतीचे हात गेले आणि काम उरलं. इथे छंदाच्या, फिरण्याच्या गोष्टी करू नयेत. आठवड्यातून दोन अर्धे दिवस कुणीतरी बदली माणूस हवा. नणंद-दिराशी हे स्पष्ट बोलावं लागतं आणि बाहेरगावच्या मुलांनी यासाठी पैसे पाठवले तर आईनं ते घ्यावेत. "नको रे, तुलाच लागतील" म्हणू नये.

ज्या एकट्या आहेत, नवरा नाही किंवा असून नसल्यासारखा, त्यांनी पहिल्या महिन्यात रोज सकाळी एका ठरलेल्या माणसाला निरोप पाठवायची व्यवस्था करून ठेवावी. आणि घराची एक किल्ली शेजारी द्यावी.

शरीराकडे पाहा, मनाला दोष देण्याआधी

हा भाग सगळ्याजणी टाळतात. लेकरं घराबाहेर पडतात तेव्हा आपण पंचेचाळीस ते पंचावन्नच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि भारतीय बायकांची पाळी सरासरी सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या आसपास थांबते. त्याआधीची काही वर्षं अंगातून वाफा निघणं, रात्री तीनला घामानं जाग येणं, लहानशा गोष्टीवर डोळे भरून येणं, विसरायला होणं हे सुरू असतं. थायरॉइड कमी पडलं तरी सुस्ती, उदासपणा, वजन वाढणं. बी-12 कमी असलं तरी थकवा, मुंग्या, चिडचिड. शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी निघतं. म्हणजे निम्मं दुखणं रक्तात आणि आपण सगळं बिल लेकराच्या जाण्यावर फाडतो.

म्हणून महिन्याभरात एकदा तपासण्या करून घ्या : टीएसएच (थायरॉइडची), हिमोग्लोबिन, बी-12, व्हिटॅमिन डी, शुगर. स्त्रीरोगतज्ज्ञांना पाळीचं सविस्तर सांगा. बारा महिने सलग पाळी आली नाही की मगच ती गेली असं धरतात, आणि त्यानंतर थोडंसंही रक्त दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा. मला एका ठिकाणी तपासताना ऐकावं लागलं होतं, "ताई, रिकामं डोकं आहे, काहीतरी करत जा." दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले तर थायरॉइड निघालं.

दोन आठवड्यांची रेघ

दुःख वर-खाली होतं. सकाळी रडवतं, संध्याकाळी मैत्रिणीच्या विनोदावर हसूही देतं. आजार तसा हलत नाही. सलग दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास किंवा कशातच रस नाही, आणि जोडीला झोप उडालेली किंवा फारच वाढलेली, भूक गेलेली, आंघोळ-केस विंचरणंही जड झालेलं, "माझा आता काय उपयोग" हे वाक्य डोक्यात फिरणारं, असं असलं तर ती नैराश्याची खूण आहे. वाट पाहू नका.

कुठे जायचं? मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मानसोपचाराचा विभाग आहे, मिहानमधल्या एम्समध्येही आहे. बाह्यरुग्ण विभागासाठी सकाळीच जा, सोबत कुणी न्या, जुनी कागदं आणि चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत ठेवा. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे अजून लोक 'पागलखाना' म्हणून हसतात. हसू द्या. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे.

जायचं धाडस होत नसेल तर 14416 लावा. ही केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली. फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं. काय बोलायचं ते सुचत नसेल तर एवढंच म्हणा, "माझी मुलं बाहेरगावी गेली आणि मला झोप येत नाही." पुढचं ते विचारतात.

डॉक्टरांनी नैराश्याच्या गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. पाचव्या दिवशी "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नका, आणि बरं वाटलं म्हणून एकदम बंदही करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. शेजारणीच्या झोपेच्या गोळ्या मात्र कधीच घेऊ नका.

आणि मरणाचे विचार येत असतील, नुसते ओझरते असले तरी, त्याच दिवशी कुणाला तरी सांगा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा किंवा 14416 लावा. मूल काळजी करेल म्हणून लपवायची ही गोष्ट नव्हे.

तिसऱ्या महिन्यानंतर : स्वतःचं काहीतरी

मोठे निर्णय तिसऱ्या महिन्याआधी घेऊ नका. घर बदलणं, मुलाजवळ राहायला जाणं, दुकान टाकणं, सगळं थांबू द्या. नंतर मात्र हात पाय पसरा. राहिलेली पदवी पूर्ण करायची असेल तर इग्नूला वयाची वरची अट नाही, प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात आणि प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचंही आहे. आमच्यातली एक पन्नाशीत बी.ए.ला बसली. तिचा मुलगा बंगळुरूहून फोनवर तिला विचारतो, "अभ्यास झाला का?" आणि ती चिडते.

अभ्यास नको असेल तर भटका. मार्च 2023 पासून राज्यात एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. गणेशपेठच्या स्टँडवरून रामटेक पन्नासेक किलोमीटर, सकाळी निघून संध्याकाळी घरी. आमचा एक नियम आहे, बसमध्ये पहिला अर्धा तास मुलांच्या पॅकेजबद्दल बोलायचं नाही. तो मोडला की दंड म्हणून सगळ्यांना चहा. आतापर्यंत सगळ्यात जास्त दंड मीच भरलाय.

खोलीचं याच सुमारास पाहा. मुलाला विचारून, न विचारता नाही. पलंग आणि एक कपाट त्याचं, बाकी जागा तुमची. माझी शिलाई मशीन खिडकीशी आली. तो म्हणाला, "आई, माझं क्रिकेटचं पोस्टर काढू नकोस." काढलं नाही. सचिनच्या नजरेखाली ब्लाउज शिवते.

सण, आणि दुसऱ्यांदा निघणारी गाडी

पहिलं वर्ष सणांना फार टोचतं. आमच्याकडे महालक्ष्म्या, म्हणजे गौरी, असतात. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळ्या, आणि नेमकी त्या आठवड्यात मुलांना सुट्टी मिळत नाही. पहिल्या वर्षी मी सगळं आधीसारखंच केलं आणि आरतीच्या वेळी कोसळले. दुसऱ्या वर्षी कामं आधीच वाटून दिली. भाज्या चिरायला मागच्या दोन मुली, पुरण जावेकडे, रांगोळी शेजारच्या पोरीकडे. आरतीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन तांब्याला टेकवून ठेवला. जेवताना तो बंद केला. मुलाला आपण जेवताना दाखवत बसलो की दोघांचाही घास अडकतो.

दिवाळीला लेकरू घरी येतं, त्याची तयारी मनाची करा, फराळाची कमी. आपण पंधरा दिवस आधीपासून यादी करतो, आणि तो येऊन पहिले दोन दिवस झोपतो, तिसऱ्या दिवशी मित्रांसोबत तर्री पोहे खायला निघून जातो. चिवडा डब्यातच. यात तुमचा अपमान नाही. तो घरी आलाय म्हणूनच एवढा झोपतोय. आल्या दिवशीच त्याला विचारून एक संध्याकाळ आणि एक दुपार तुमच्या नावावर करून घ्या, बाकीचे दिवस त्याचे.

आणि एक कुणीच आधी सांगत नाही : दुसऱ्यांदा निरोप देणं पहिल्यापेक्षा जड जातं. पहिल्या वेळी धावपळ असते, प्रवेश, सामान, पाहुणे. दुसऱ्या वेळी तो एक पाठीवरची बॅग घेऊन, पाहुण्यासारखा, स्वतःच तिकीट काढून निघतो. तेव्हा त्या रात्रीचं आधीच ठरवून ठेवा. गाडी हलली की थेट घरी येऊ नका. टेकडीच्या गणपतीला जा, नाहीतर सीताबर्डीवर चक्कर मारा, बाहेरच काहीतरी खा. मैत्रिणीला सांगून ठेवा की दहाला फोन कर. घरी आल्यावर परात काढू नका. चादर उद्या धुवा, उशीचा अभ्रा पुढच्या आठवड्यात. आणि त्यानं अर्धा ठेवून दिलेला चिवड्याचा डबा गुरुवारी मागच्या मुली आल्या की त्यांच्यापुढे ठेवा.